मौनाचा व्यापार

आपल्याकडे शोधांच्या कथा सांगण्याची एक ठरावीक चाल आहे. गरीब पण जिद्दी तरुण, मोडकीतोडकी प्रयोगशाळा, वेड्यात काढणारे शेजारीपाजारी, आणि मग एके दिवशी चमत्कार! शाळेच्या पुस्तकातील अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलही ह्याच चालीवर बसवलेला आहे. मनुष्याचा आवाज दूरदेशी पोचवावा हा त्याचा ध्यास होता आणि १८७६ साली तो पुरा झाला, एवढे आपण मुलांना सांगतो आणि पुस्तक मिटतो. ध्यास होता हे खरे. पण त्या ध्यासाला पैसा पुरवणारे गार्डिनर हबर्ड हे पेशाने वकील होते आणि त्यांचा हिशेब निराळा होता. मनुष्याच्या आवाजाचे त्यांना तितकेसे अगत्य नव्हते. त्यांना हवे होते एका तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश धाडणारे यंत्र. तार ओढायला पैसा लागतो, खांब रोवायला पैसा लागतो; एका तारेने पाचसहा तारांचे काम केले तर तो सगळा वाचतो. बेल त्याच खटपटीत होता. प्रत्येक संदेशाला एकेक सूर नेमून द्यायचा, सगळे सूर एकाच तारेत सोडायचे, आणि पलीकडच्या टोकाला त्या त्या सुराला लावलेली पोलादी पट्टी तेवढीच कंप पावेल अशी योजना करायची. सतारीच्या तरफा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ह्यातले मर्म वेगळे सांगायला नको. २ जून १८७५ रोजी त्यातली एक पट्टी अडकली, मदतनीस वॉटसनने ती बोटाने छेडली, आणि पलीकडे बेलच्या कानी जे पडले त्यातून टेलिफोन निघाला. ज्या जगप्रसिद्ध पेटंटने टेलिफोन जन्माला घातला त्याचे शीर्षक ‘तारायंत्रातील सुधारणा’ असे आहे. टेलिफोन हा काटकसरीच्या पोटचा पोर आहे.

ही काटकसर करणाऱ्या यंत्राला मल्टिप्लेक्सर म्हणतात. ‘मल्टिप्लेक्स’ म्हटले की आज घरातल्या मुलांना पॉपकॉर्नची बादली आठवते. पण चित्रपटगृहे ह्या शब्दाला फार उशिरा चिकटली. अनेकांचे संदेश एका वाटेवर घालणारे आणि दुसऱ्या टोकाला ते पुन्हा ज्याचे त्याला वाटून देणारे यंत्र, हा त्याचा मूळ धंदा. गेल्या दीडशे वर्षांत दळणवळणात जी जी क्रांती म्हणून मिरवली गेली, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच यंत्र सापडते. त्याच्याशी माझे भांडण नाही. घरातली बाई एका चुलीवर दोन भांडी उतरवते तेव्हा तिला कोणी नावे ठेवीत नाही. माझे भांडण शिल्लकेशी आहे. ही काटकसर कोणाच्या जिवावर होते, आणि वाचलेली पै कोणाच्या खिशात जाते?

हा प्रश्न नवा नाही. १८७४ साली थॉमस एडिसनने एका तारेवर चार संदेश घालून दाखवले, दोन ह्या दिशेने आणि दोन त्या दिशेने. त्यातली युक्ती अशी की, एक संदेश विजेच्या प्रवाहाची दिशा उलटसुलट करून पाठवायचा आणि दुसरा त्याच प्रवाहाचा जोर कमीजास्त करून. एक यंत्र फक्त दिशा ओळखणारे, दुसरे फक्त जोर ओळखणारे; दोघे एकमेकांच्या कामात तोंड घालीत नाहीत. जुन्या तारा होत्या तशाच राहिल्या आणि त्यांचे काम चौपट झाले. आता गंमत पाहा. हे यंत्र वेस्टर्न युनियन कंपनीसाठी म्हणून चालले होते. तेवढ्यात जे गूल्ड नावाच्या बिलंदर धनिकाने तीस हजार डॉलर मोजून एडिसनकडून त्याचे हक्क आपल्याकडे ओढले. पुढे कंपन्या कोर्टात गेल्या. एडिसनचे काय, वेस्टर्न युनियनचे काय, गूल्डचे काय, ह्याचा खल झाला. ज्याच्या तारेमुळे हा सारा पैसा निर्माण होणार होता तो तार करणारा मनुष्य त्या खटल्यात ना वादी होता, ना प्रतिवादी.

फ्रान्समध्ये त्याच साली एमिल बोदो ह्या तारखात्यातल्या साध्या कारकुनाने निराळी वाट काढली. त्याची वाट आपल्या पंगतीसारखी. एकच जागा, पण पाळीपाळीने. फिरती चकती क्षणभर तार एका कारकुनाच्या हाती देई, पुढच्या क्षणी दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, आणि पुन्हा पहिल्याच्या. प्रत्येकासमोर पाच पट्ट्या. दोन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला. आपली पाळी आली की यंत्र ‘टक्’ असा आवाज करी, आणि त्या टकटकीच्या तालावर अक्षर दाबावे लागे. मिनिटाला १८० फेरे, म्हणजे १८० अक्षरे. मनात विचार आला म्हणून क्षणभर थबकण्याची सोय नाही. थबकलात की तुमची पाळी रिकामी गेली. तारेत जागा निर्माण झाली ती कारकुनाच्या बोटांना यंत्राच्या तालावर नाचवून. बोदोच्या बुद्धीला माझा नमस्कार आहे. त्याच्या नावावरून ‘बॉड’ हे माप पडले तेही योग्यच. त्या बोटांच्या नावाने मात्र कसले माप पडल्याचे माझ्या वाचनात नाही.

पण बोदोच्या पंगतीत निदान एक सचोटी होती. जेवायला कोणी येवो न येवो, पान मांडलेले असे. ज्याची पाळी त्याची; तो गप्प बसला तर ती वाया जाई, दुसऱ्याला दिली जात नसे. ही सचोटी पुढे व्यापाराला परवडेनाशी झाली.

१९५६ साली स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड ह्यांच्या दरम्यान अटलांटिक समुद्राच्या तळाशी पहिली टेलिफोनची केबल पडली. तिच्यावरून एका वेळी छत्तीस संभाषणे जात. समुद्रतळाशी दुसरी केबल टाकायची म्हणजे राजसूय यज्ञाचाच खर्च. तेव्हा बेल कंपनीच्या इंजिनियरांनी केबल सोडून माणसांकडे पाहायला सुरुवात केली. त्यांच्या ध्यानात आले की, दोन माणसे बोलतात म्हणजे एक बोलतो आणि दुसरा ऐकतो. जाण्याची वाट वेगळी, येण्याची वाट वेगळी. म्हणजे कोणतीही एक वाट निम्म्याहून अधिक वेळ रिकामीच असते. शिवाय बोलणाराही मधूनमधून थांबतो, श्वास घेतो, शब्द आठवतो. १९६० साली त्या केबलवर एक यंत्र बसले. तुम्ही गप्प झालात की ते तुमची वाट काढून दुसऱ्या बोलणाऱ्याला देई, आणि तुम्ही पुन्हा तोंड उघडलेत की धावत जाऊन तुम्हांला कुठली तरी मोकळी वाट शोधून देई. संभाषणांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. क्वचित एकाच वेळी फार माणसे बोलू लागली तर वाट मिळायला निमिषभर उशीर होई आणि वाक्याचा पहिला तुकडा समुद्रातच राही.

ह्यात खरोखर विकले काय गेले? तार तीच होती, खांब नव्हतेच, समुद्रही तोच. नवा माल एकच होता, तो म्हणजे ग्राहकाचे मौन. लंडनमधला बाप न्यूयॉर्कच्या मुलीचे ऐकत असताना जो गप्प होता, त्या गप्प राहण्याचे पैसे तो भरीत होता. आणि तेच मौन त्याच्या हातून काढून तिसऱ्याला पुन्हा विकले जात होते. एका मालाची दोनदा विक्री! असे आपल्या वाण्याने केले असते तर आपण त्याला काय म्हटले असते?

येथे विज्ञानाचा अभ्यास असलेला वाचक मला थांबवील. तो म्हणेल, अहो, ह्याला लबाडी म्हणत नाहीत, ह्याला गणित म्हणतात. त्याचे म्हणणे मला मान्य आहे. गणित तर फारच सुंदर आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अॅग्नर एर्लांगने १९१७ साली ते मांडले. शंभरांतल्या एकाहून अधिक गिऱ्हाइकांना ‘लाइन बिझी’ ऐकावे लागू नये, एवढी अट धरा. सरासरीने एकच संभाषण चालू असेल अशी मागणी असली, तर पाच वाटा लागतात. सरासरीने दहा चालू असतील, तर पन्नास लागत नाहीत, अठराच पुरतात. आणि शंभर असतील, तर सुमारे एकशे सतरा. म्हणजे एकट्यादुकट्याला एकामागे पाच, आणि गर्दीला एकामागे एक आणि वर थोडे! जितकी माणसे अधिक, तितकी प्रत्येकामागची जागा कमी. कारण सगळे एकदम बोलत नाहीत.

माझा मुद्दा नेमका ह्याच गणितावर उभा आहे. ही बचत यंत्राने केली नाही. यंत्राने ती नुसती गोळा केली. केली गर्दीने. माझा शेजारी गप्प आहे म्हणून माझे बोलणे जाते, मी झोपलो आहे म्हणून त्याचा चित्रपट चालतो. आपल्या आया-मावश्या भिशी लावतात, तिथेही हेच तत्त्व आहे: सगळ्यांना एकदम गरज नसते, म्हणून प्रत्येकीला पाळीने मोठी रक्कम मिळते. पण भिशीत किती जणी आहेत हे प्रत्येकीला ठाऊक असते, आणि जमलेले पैसे ज्यांचे त्यांच्यातच राहतात. जिच्या घरी भिशी, तिने फार तर चहापोह्यांचा खर्च धरावा. उद्या एखादीने ‘भिशीत किती जणी आहेत हे सांगणार नाही, तुला मिळतील शंभर रुपयांपर्यंत’ असे म्हटले, तर दुसऱ्या महिन्याला तिच्या दारात कोणी चप्पल काढणार नाही.

आणि नेमके हेच आपण घरोघर मुकाट्याने चालवून घेत आहो. आज ज्या काचतंतूच्या वायरीने घरात इंटरनेट येते, ती बहुतेक ठिकाणी आपल्या एकट्याची नसते. मुख्य केंद्रातून एक तंतू निघतो, आणि वाटेत एका लहानशा डबीत तो बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. ह्या पद्धतीच्या सर्वांत रुळलेल्या प्रकारात त्या तंतूवरून घरांकडे येणारी एकूण क्षमता सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट, आणि घरांकडून परत जाणारी त्याच्या निम्मी. परतीची वाट तर सरळसरळ बोदोची पंगत आहे: केंद्र प्रत्येक घरातल्या खोक्याला वेळ नेमून देते, आणि खोके तेवढ्या वेळातच बोलते. आता बत्तीस घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएस विकले, तर विकला गेलेला माल ३.२ गिगाबिट होतो आणि वाट आहे अडीचची. चौसष्ट घरांना विकले, तर ६.४. पुन्हा सांगतो, हे केले म्हणून मी कोणाला चोर म्हणत नाही. एर्लांगचे गणित त्यांच्या बाजूचे आहे. चोरी आहे ती न सांगण्यात.

आमच्या घरी जोडणी द्यायला आलेल्या मुलाला मी सरळ विचारले, ‘बाळ, ह्या एका वायरीवर किती घरे आहेत?’ मुलगा भला होता. तो म्हणाला, ‘काका, ते आम्हांला पण सांगत नाहीत.’ मग कंपनीच्या ग्राहककक्षाला फोन केला. तिथल्या ताईंनी मला तीनदा सांगितले की, ‘सर, तुमचा प्लॅन शंभर एमबीपीएसपर्यंत आहे.’ मी विचारले, ‘शंभरपर्यंत म्हणजे कमीत कमी किती?’ त्यावर त्यांनी मला थांबायला सांगून सनई लावली.

हा ‘पर्यंत’ शब्द मोठा चमत्कारिक आहे. मराठीत त्याला मान होता. ‘मरेपर्यंत’, ‘उद्यापर्यंत’, ‘काशीपर्यंत’: त्या शब्दात एक मुक्काम असे. जाहिरातवाल्यांनी त्याचा मुक्कामच काढून घेतला. किलोपर्यंत साखर, लिटरपर्यंत दूध, असे कोणी विकून तरी पाहावे! बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा आत निव्वळ वजन किती हे छापावे लागते, वजनेमापांचा कायदाच तसा आहे. २००९ साली आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने घरगुती ब्रॉडबँडची एक वाट पन्नासांहून अधिक ग्राहकांत वाटू नये, अशा अर्थाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. म्हणजे हा आकडा मोजता येतो आणि सांगता येतो, हे तेव्हाच मान्य झालेले आहे. मग तो माझ्या बिलावर का नसावा?

ट्रंक कॉलच्या काळाची थट्टा करण्याची हल्ली पद्धत आहे. तासन् तास वाट पाहावी लागे, ओरडून बोलावे लागे, सारे खरे. पण त्या व्यवस्थेत ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ आणि ‘लायटनिंग’ असे तीन उघड दर होते. कोण कोणाच्या पुढे घुसला आणि किती पैसे टाकून घुसला, हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही समजत असे. तो काळ परत यावा असे मी म्हणत नाही. ती रांग डोळ्यांना दिसत असे, एवढेच म्हणतो.

दूरदर्शन संचाकडे वळू, कारण तो सर्व घराचा विषय आहे. २०१२ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर मुंबईत केबलचे जुने प्रक्षेपण बंद होऊन घरोघर खोकी आली. जुन्या पद्धतीत जेवढ्या जागेत एक वाहिनी मावत असे, तेवढ्यात आता आठ-दहा सहज मावतात. येथेही मल्टिप्लेक्सर बसलेला आहे आणि तोही मौनावरच जगतो: बातम्या सांगणारी बाई स्वस्थ बसलेली असते, तिच्या मागची भिंत हलत नाही, म्हणून तिच्या वाट्याची जागा काढून तो क्रिकेटच्या धावत्या चेंडूला देतो. म्हणजे जागेची टंचाई एका फटक्यात दूर झाली. मग व्हायला काय हवे होते? जागेचे भाडे उतरायला हवे होते. झाले असे की, जागेचे भाडे म्हणून बिलावर एक स्वतंत्र रकमेची ओळच अवतरली! तिचे नाव ‘नेटवर्क क्षमता शुल्क’. फेब्रुवारी २०१९ पासून १०० वाहिन्यांच्या जागेला महिना १३० रुपयांपर्यंत, आणि पुढच्या प्रत्येक पंचवीस वाहिन्यांना वीस रुपयांपर्यंत. वाहिन्यांची किंमत निराळी, कर निराळा. ओरड झाली तेव्हा २०२० साली त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या बसू लागल्या. तार तीच, खोके तेच. एका हुकुमाने जागा दुप्पट झाली, ह्यावरून ती आधी किती अडचणीची होती ते ताडावे. पुढे जुलै २०२४ मध्ये ह्या शुल्कावरची कमाल मर्यादाच प्राधिकरणाने उठवली. आपल्या साऱ्या व्यवहारात एकच ‘पर्यंत’ गिऱ्हाइकाच्या बाजूचा होता, आणि काढला तो नेमका तेवढा.

उलट बाजूही पाहा. दूरदर्शनची फ्री डिश नावाची सेवा आहे. तिथेही मल्टिप्लेक्सर तोच, उपग्रहही आपलाच. पण तिथे खाजगी वाहिन्या जागेसाठी उघड लिलावात बोली लावतात आणि पैसे मोजतात, आणि गावाकडचा प्रेक्षक एकदा तबकडी बसवली की दरमहा काही देत नाही. जागेला किंमत आहे हे तिथे कोणी लपवीत नाही. फक्त ती कोणी द्यायची ह्याचा निवाडा वेगळा झाला आहे. तेव्हा ‘यंत्राचा धर्मच असा’ ही सबब कोणी पुढे करू नये.

कंपन्यांचे कैवारी म्हणतात की, दर किती उतरले ते पाहा. उतरले, ह्यात वाद नाही. १९९५ साली मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, आणि मुंबईचे शहाणे लोक फोन वाजला की नंबर पाहून तो कापीत व बाहेरच्या पीसीओकडे धावत. पण येणारा कॉल फुकट झाला तो २००३ साली, आणि तो यंत्र बदलले म्हणून नव्हे, नियम बदलला म्हणून. २०१५ साली काही ठरावीक संकेतस्थळांनाच स्वस्त वाट देण्याची टूम निघाली होती. ती प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद पाडली, ती लाखो सामान्य माणसांनी पत्रे लिहून आपले म्हणणे कळवल्यावर. यंत्र शिल्लक निर्माण करते आणि ती मालकाच्या गल्ल्यात पडते. गल्ल्यातून ती ग्राहकाकडे यायला स्पर्धेचा तरी धाक लागतो, नाही तर कायद्याचा. ती आपल्या पायांनी चालत आल्याचे उदाहरण मला कोणी दाखवावे.

दिवाळीचाच विषय घ्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. महिनाभर एसएमएसचे स्वस्त पॅक चाले, आणि ऐन दिवाळीच्या दिवशी ते लागू नसे. एकेका शुभेच्छेला पुरा दर पडे. त्या दिवसांना ‘ब्लॅकआउट डे’ असे नाव होते. दिव्यांच्या सणाला काळोखाचे नाव देणाऱ्या त्या अज्ञात अधिकाऱ्याच्या रसिकतेला दाद द्यावी तेवढी थोडीच! पण हिशेब नीट पाहा. वर्षभर आपण गप्प राहत होतो म्हणून त्यांचा व्यापार चालला. ज्या एका दिवशी साऱ्यांनाच एकदम बोलावेसे वाटले, त्या दिवशी मौनाचा पुरवठा आटला, आणि त्याचा भुर्दंड पडला तो बोलणाऱ्यांवर. सासरी असलेल्या लेकीने आईला पाठवलेल्या ‘शुभ दीपावली’वर!

माझे मागणे फार नाही. बिलावर तीन ओळी छापाव्यात. ह्या वाटेवर आपण किती घरे आहो. वाटेची एकूण क्षमता किती. आणि रात्री नऊ वाजता, सगळे घरी असताना, माझ्या वाट्याला कमीत कमी किती येईल. पहिल्या दोन ओळी कंपनीला तोंडपाठ असतात, कारण त्यांच्यावाचून तिला धंदाच मांडता येणार नाही. तिसरी ओळ लिहायला तिला थोडे कष्ट पडतील, पण एर्लांगचे गणित शंभर वर्षांपूर्वीच तयार आहे आणि त्याला परवाना लागत नाही. बत्तीस घरांची डबी असेल तर बत्तीस लिहा, चौसष्टांची असेल तर चौसष्ट लिहा. कोणाला कमी पैशांत चौसष्टांत राहायचे असेल, तो राहील. चाळीच्या नळावर किती बिऱ्हाडे आहेत हे खोली भाड्याने घेण्याआधी विचारण्याची आपली जुनी रीत आहे, आणि ते सांगायला कुठलाही घरमालक लाजत नसे.

फराळाची ताटे बाजूला झाली की घरातल्या कोणा चुणचुणीत मुलाकडून ह्या महिन्याची दोन्ही बिले काढून घ्या, इंटरनेटचे आणि केबलचे. ‘पर्यंत’ हा शब्द किती वेळा आला आहे ते त्याला मोजायला सांगा. बहुधा तो फार बारीक अक्षरांत असतो, म्हणून हे काम लहान डोळ्यांना द्यावे. मग ते आकडे घेऊन तक्रारीच्या पत्त्यावर एकेक पत्र टाका. एकाच्या पत्राने काही होत नाही हे मला ठाऊक आहे. पण डबीवरच्या बत्तीसच्या बत्तीस घरांनी एकाच आठवड्यात पत्र टाकले, तर त्या टपालाचे काय करायचे हे एर्लांगच्या कोष्टकात नाही.